तय्यबजी घराणे आणि अंजुमन-ए-इस्लाम

अंजुमन-ए-इस्लाम या मुंबईतील विख्यात शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला स्थापनेचे १८७४ हे साल ओलांडून बरेच मागे जावे लागते आणि संस्थेच्या दप्तरापूर्वी एका घराण्याचे दप्तर उघडावे लागते. कारण ही संस्था जरी पुष्कळांच्या देणग्यांनी व श्रमांनी वाढली, तरी तिच्या पायात जो विचार घातला गेला तो खंबायतेकडून मुंबईस आलेल्या एका सुलेमानी बोहरा व्यापाऱ्याच्या घरात पूर्वीच परिपक्व झालेला होता. व्यापारात मिळालेले धन पुढच्या पिढीच्या हाती विद्येच्या रूपाने द्यावे, त्यातही कायद्याच्या विद्येच्या रूपाने द्यावे, आणि त्या विद्येचा हिस्सा घराबाहेरच्यांनाही पोहोचावा, असा तो विचार होता. तय्यबजी हे नाव आज उपनगरांतील तरुण वाचकाला एखाद्या रस्त्याच्या पाटीवरून किंवा परीक्षेच्या पुस्तकातील एका ओळीवरून ठाऊक असते. त्याला ते थोडे विस्ताराने ठाऊक व्हावे, एवढ्यासाठी हा लेख.

या घराण्याचे मूळ पुरुष तय्यब अली यांचा जन्म १८०३ सालचा. त्याच वर्षी मुंबईच्या कोटात ती भयंकर आग लागली, जिने शेकडो पेढ्यांची राख केली. बालपणीची त्यांची स्थिती संपन्नतेची नव्हती. किरकोळ विक्रीपासून आरंभ करून, दुसऱ्याच्या पेढीवर हिशेब व व्यवहार शिकून आणि मग स्वतःचा परदेशी व्यापार उभारून ते मुंबईच्या प्रतिष्ठित सौदागरांत गणले जाऊ लागले. अशी चरित्रे त्या काळच्या मुंबईत विरळा नव्हती. भाटिये, पारशी, खोजे, मेमण या सर्व जमातींत ती सापडतात. तय्यब अलींचे वैशिष्ट्य त्यांनी पैसा कसा मिळवला यापेक्षा तो मिळाल्यावर काय केले यात अधिक आहे. व्यापाराच्या निमित्ताने ते स्वतः विलायतेस जाऊन आले, तेथील शाळा, न्यायालये व पेढ्या त्यांनी डोळसपणे पाहिल्या, आणि आपल्या मुलग्यांना युरोपचे शिक्षण द्यावयाचे असा निर्धार केला. समुद्र ओलांडून मुलांना परक्या मुलखात वर्षानुवर्षे ठेवणे हे त्या दिवसांत, जमातीचे वडीलधारे काय म्हणतील याची धास्ती असताना, किती धैर्याचे होते हे आज सांगूनही पटणार नाही.

दुसरा निर्णय याहून सूक्ष्म होता. १८५९ साली तय्यब अलींनी घरातील बोलीभाषा गुजराती होती ती बदलून हिंदुस्थानी, म्हणजे उर्दू, करण्याचे ठरवले. सुलेमानी बोहऱ्यांची जमात मूठभर. तिच्या भाषेत राहिले तर मुलांचे जग त्या मुठीएवढेच राहील, आणि उर्दू आली तर मुंबईतल्या दखनी मुसलमानापासून लखनौ-दिल्लीपर्यंतच्या समाजाशी ती बोलू शकतील, हे त्या व्यापाऱ्याने ओळखले होते, असे या निर्णयाचे पुढचे परिणाम पाहता म्हणावे लागते. पंधरा वर्षांनी जेव्हा बोहरा, खोजा, मेमण, कोकणी, दखनी अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या मुसलमानांसाठी एकच शाळा काढण्याचा प्रश्न पुढे आला, तेव्हा त्या शाळेचे स्वरूप ज्या मंडळींनी ठरवले त्यांच्यापैकी दोघांनी हा प्रयोग आपल्या वडिलांच्या छपराखाली अनुभवलेला होता.

तय्यब अलींच्या काळापासून या कुटुंबात आणखी एक वहिवाट पडली, ती ‘अखबार’ लिहिण्याची. घराघरांतून एक मोठी वही ठेवलेली असे आणि तीत घरची माणसे, पाहुणे, स्त्रिया व मुलेसुद्धा आपापल्या हाताने नोंदी करीत: कोण आले, कोण गेले, प्रवास कसा झाला, पाऊस किती पडला, कोणाचे दुखणे कोठवर आले, कोणाचे लग्न ठरले, आणि क्वचित एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर कोणाचे मत काय. पेढीवर जशी रोजकीर्द असते तशी ही कुटुंबाची रोजकीर्द होय. जी गोष्ट लिहिली गेली तिची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते, हा संस्कार ज्या मुलांवर लेखणी धरल्या दिवसापासून झाला, त्यांना पुढे वकिली सुलभ गेली तर त्यात नवल नाही.

व्यापारातून कायद्याकडे वळलेली घराणी जगात इतरत्रही झाली. कॅनडातील डेट्रॉइट नदीच्या काठी बाबी नावाचे फ्रेंच घराणे कातड्यांच्या व्यापारावर मोठे झाले, आणि १७६३ नंतर फ्रेंचांची सत्ता जाऊन इंग्रजी अंमल आल्यावर आपला धर्म न सोडता त्या अंमलाच्या मंडळांत, कचेऱ्यांत व वकिलीत पुढे आले. राज्यकर्ते बदलले की जुने व्यापारी कुटुंब एक तर मागे पडते, नाही तर नव्या सत्तेच्या कायद्याची भाषा शिकते. तय्यबजींनी दुसरा मार्ग धरला, आणि तो धरताना स्वतःचा समाज मागे टाकला नाही.

तय्यब अलींचे पुत्र कमरुद्दीन हे १८५८ साली विलायतेत सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. धाकटे बंधू बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४चा. दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू-फारसीचे व नंतर एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजीचे शिक्षण घेऊन ते १८६० साली विलायतेस गेले, १८६३मध्ये मिडल टेंपलमध्ये दाखल झाले, डोळ्यांच्या व प्रकृतीच्या तक्रारीमुळे मध्यंतरी एकदा मुंबईस परत आले, पुन्हा गेले, आणि एप्रिल १८६७मध्ये बॅरिस्टरीची सनद घेऊन त्याच वर्षाच्या अखेरीस मायदेशी परतले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. (त्याच १८६७ सालच्या एप्रिलात विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी सुटली होती, आमच्या बोरिवली-अंधेरीच्या भाताच्या शेतांना शहराशी जोडणारा धागा आणि या घराण्याला उच्च न्यायालयाशी जोडणारा धागा असे दोन्ही एका वर्षात ओवले गेले.)

सॉलिसिटर आणि बॅरिस्टर या दोन बंधूंच्या जोडीचे महत्त्व कळण्यास त्या काळच्या न्यायालयाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. १८६२ साली जुने सुप्रीम कोर्ट व सदर अदालत एक करून मुंबईचे उच्च न्यायालय स्थापन झाले. त्याच्या मूळ शाखेत विलायतेप्रमाणे द्विस्तर पद्धती चाले: अशील प्रथम सॉलिसिटरकडे जाई, सॉलिसिटर कागदपत्रे जुळवून, साक्षीदारांच्या हकिकती टिपून ‘ब्रीफ’ तयार करी, आणि ती ब्रीफ तो ज्या बॅरिस्टरच्या हाती देई त्यानेच न्यायमूर्तींपुढे उभे राहून बोलावयाचे. बॅरिस्टर कितीही बुद्धिमान असला तरी त्याच्याकडे अशिलाला परभारे येता येत नसे. सॉलिसिटरांच्या पेढ्या बहुतेक युरोपियनांच्या, तेव्हा ब्रीफही युरोपियन बॅरिस्टरांकडेच जात. अशा स्थितीत एखाद्या हिंदी तरुणाने झगा घालून न्यायालयाच्या ओसरीत नुसते येरझारा घालीत राहण्याचीच पाळी यावयाची. कमरुद्दीन आधीपासून सॉलिसिटर म्हणून स्थिर झालेले असल्यामुळे बद्रुद्दीनांना ही पाळी आली नाही. कर्तृत्व बद्रुद्दीनांचे निर्विवाद होते. पण दार आतून उघडणारा एक हात आधी तेथे असावा लागतो, आणि तो हात वडिलांच्या दूरदृष्टीने तेथे ठेवलेला होता. या एका गोष्टीकडे चरित्रकारांचे लक्ष पुरेसे गेलेले नाही असे मला वाटते.

हाच विचार दोघा बंधूंनी पुढे समाजाच्या बाबतीत लावला. १८७४ साली कमरुद्दीन, बद्रुद्दीन, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा महंमद अली रोगे, मुन्शी गुलाम महंमद आदी मंडळींनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. त्या वेळी मुंबईच्या मुसलमान समाजात श्रीमंती नव्हती असे नाही. जहाजांचे मालक होते, कापडाचे व लाकडाचे व्यापारी होते. परंतु सरकारी शाळांतून व विद्यापीठाच्या परीक्षांतून मुसलमान मुलांची संख्या नगण्य होती, आणि त्याचे कारण काहीजण धर्मावर तर काहीजण स्वभावावर ढकलीत. बद्रुद्दीनांनी ते ढकलू दिले नाही. १८८२च्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी जी साक्ष दिली तीत आपल्या समाजाच्या मागासलेपणाची कारणे सांगून सरकारने काय करावे याचे मागणे मांडले; आणि सरकार काही करील याची वाट न पाहता १८८० सालीच अंजुमनची शाळा सुरू होऊन चुकली होती. धर्माचे शिक्षण, उर्दू व फारसी आणि त्यांबरोबरच इंग्रजी, गणित व विद्यापीठाचा अभ्यासक्रम ही सारी एकाच इमारतीत, एकाच वेळापत्रकात बसवायची, ही तिची योजना होती. मुलाला मदरशात घालावे की इंग्रजी शाळेत, या पेचात सापडलेल्या बापाला तिने उत्तर दिले.

बोरीबंदर स्थानकासमोर अंजुमनची जी इमारत दिमाखाने उभी आहे तिचा कोनशिला-समारंभ १८९० साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते झाला आणि १८९३ साली ती पुरी झाली. वास्तुरचनाकार जेम्स विल्कॉक्स यांनी तिला इंडो-सारासेनिक वळण दिले आहे. उपनगरातून रोज मुंबईस जाणारे हजारो लोक तिच्या घुमटाकडे पाहतात न पाहतात तोच पुढे जातात. कमरुद्दीन मात्र ती पुरी झालेली पाहण्यास उरले नाहीत, १८८९मध्येच ते निवर्तले. त्यानंतर बद्रुद्दीनांनी संस्थेची धुरा आपल्या अखेरीपर्यंत वाहिली.

या काळात बद्रुद्दीनांचे सार्वजनिक जीवन इतके भरगच्च होते की त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जाणे भाग आहे. १८७३ साली ते मुंबई महापालिकेत निवडून आले. १८८२ साली कायदेमंडळात गेले. फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासमवेत १८८५ साली त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापिले. पारशी, हिंदू व मुसलमान अशा या तीन कायदेपंडितांच्या मैत्रीने मुंबईच्या राजकारणाला जी सभ्यता दिली तिचे ऋण आपण विसरता कामा नये. १८८७च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षस्थान बद्रुद्दीनांकडे आले. ६०७ प्रतिनिधी त्या अधिवेशनास होते. पुढल्याच वर्षी सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो उभयतांच्या थोरवीस साजेसा आहे. सर सय्यदांना हिंदुस्थान हे एक राष्ट्र म्हणणेच मान्य नव्हते. बद्रुद्दीनांचे म्हणणे असे की ज्या प्रश्नावर मुसलमान एकमुखाने विरोध करतील तो काँग्रेसने घेऊ नये, पण जे प्रश्न सर्वांचे आहेत त्यांसाठी सर्वांनी एकत्र आले पाहिजे. विरोध फारच वाढत आहे असे दिसल्यावर अधिवेशने काही वर्षे तहकूब ठेवावीत, असेही त्यांनी काँग्रेसचे चिटणीस ह्यूम यांना सुचवले होते. ही सूचना पुष्कळांना रुचली नाही. मला ती कच खाल्ल्याची खूण वाटत नाही. न्यायालयात दोन्ही पक्षांचे ऐकून घेतल्यावाचून निकाल न देणाऱ्या माणसाची ती सवय होती.

१८९५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि दोनच वर्षांनी महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचा नोंदला गेलेला प्रसंग त्यांच्यापुढे आला. २७ जुलै १८९७च्या रात्री लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत अटक झाली. पुण्याचे प्लेग अधिकारी रँड साहेब यांच्या खुनामुळे वातावरण अत्यंत प्रक्षुब्ध होते. जामिनाचे आधीचे अर्ज फेटाळले गेले होते. ४ ऑगस्ट रोजी बॅरिस्टर दिनशा दावर यांनी न्या. तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज केला. सरकार पक्षाचे म्हणणे, एकदा नामंजूर झालेली गोष्ट पुन्हा मागण्यास नवे कारण काय? न्या. तय्यबजींनी प्रश्न मुळाशी नेला. जामिनाचा हेतू आरोपी चौकशीच्या दिवशी हजर राहावा एवढाच. हा आरोपी पळून जाईल असे मानण्यास काहीही आधार नाही. उलट त्याला तुरुंगात ठेवले तर स्वतःच्या बचावाची तयारी त्याला करता येणार नाही, आणि महिनाभर कोंडून ठेवल्यावर तो निर्दोष ठरला तर न्यायाचा हेतूच विफल होईल. अशा आशयाचा निर्णय देऊन त्यांनी जामीन मंजूर केला. पुढे सप्टेंबरात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालून लोकमान्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आणि १९०८च्या दुसऱ्या खटल्यात तेच दावर न्यायासनावर बसलेले होते, हे सर्वश्रुत आहे. पण त्या ऑगस्टच्या दिवशी सरकारी रोषाची तमा न बाळगता कायद्याचा सरळ अर्थ सांगणारा न्यायाधीश या घराण्यातला होता. ज्या पार्ल्यात १९२१ साली लोकमान्यांच्या नावाने विद्यालय निघाले, त्या पार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या आम्हां मराठी माणसांना हे नाव आपलेसे वाटण्यास एवढे एक कारण पुरेसे आहे.

१९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. तोवर मुंबईत कोणा हिंदी माणसास हा अधिकार मिळाला नव्हता. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांचा देह मुंबईस आणून दफन करण्यात आला.

घरातील स्त्रियांच्या बाबतीतही बद्रुद्दीनांनी बोलण्यापूर्वी आचरण केले. १८७६मध्येच त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले होते, आणि पडद्याची सक्ती त्यांच्या घरातून हळूहळू उठत गेली. या कुळाशी रक्ताच्या नात्याने जोडलेल्या फैजी भगिनींपैकी नाझली बेगम जंजिऱ्याच्या नबाबांच्या घरी गेल्या, आणि आतिया फैजी यांनी विलायतेतील शिक्षणाच्या काळात लिहिलेली प्रवासवर्णनपर रोजनिशी उर्दूत प्रसिद्ध झाली. कायद्याची परंपरा तर अखंडच राहिली. बद्रुद्दीनांचे पुत्र न्या. फैज तय्यबजी यांचा मुसलमानी कायद्यावरील ग्रंथ १९१३ साली निघाला व न्यायालयांत प्रमाण मानला गेला; असफ फैजी शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बद्रुद्दीनांचे पुतणे अब्बास तय्यबजी बडोदे संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर धारासण्याच्या सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी पत्करले आणि तुरुंगात गेले. ज्याने आयुष्यभर शिक्षा फर्मावल्या त्याने अखेरीस शिक्षा भोगली, आणि ती हसतमुखाने भोगली.

उपनगरांशी या घराण्याचा सर्वांत जिव्हाळ्याचा संबंध आला तो कायद्याच्या वाटेने नव्हे, पाखरांच्या. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांना मातापित्यांच्या पश्चात याच घराण्यातील अमिरुद्दीन तय्यबजी व त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांनी खेतवाडीत पोटच्या मुलासारखे वाढवले. सुट्टीत हे कुटुंब चेंबूरला जाऊन राही. आज जेथे गाड्यांची रीघ लागते तेथे तेव्हा झाडी होती. बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटवून घेण्याचा जो प्रसिद्ध प्रसंग त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे घेऊन गेला, तो याच बालपणातला. अलिबागजवळ किहीम येथे या कुटुंबाची घरे होती. तेथेच १९३० साली सलीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचे ते मूलगामी निरीक्षण केले, ज्यात नर एकामागून एक घरटी विणून एकाहून अधिक माद्यांशी संसार मांडतो हे त्यांनी दिवसचे दिवस पाहून सिद्ध केले. पाहिलेले लगोलग टिपण्याची जी शिस्त त्यांच्यात दिसते ती मला तरी अखबारांच्या वह्यांचीच वंशज वाटते. पत्नीच्या निधनानंतर ते वांद्र्यास पाली हिलवर बहिणीच्या घरी राहावयास आले. त्यांची भाची लाईक व तिचे पती झफर फतेहअली यांचे घर अंधेरीस जुहू गल्लीत होते. १९५९ साली पक्षिनिरीक्षकांसाठी झफर फतेहअलींनी जे इंग्रजी वार्तापत्र काढले, ते सायक्लोस्टाइलवर छापलेले साधे कागद या अंधेरीच्या पत्त्यावरून देशभर जात. गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाला लागून नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे ३३ एकरांचे निसर्गशिक्षण केंद्र आहे, त्याला या मंडळींच्या श्रमांची पार्श्वभूमी आहे.

अंजुमनच्या कल्पनेचेही उपनगरांत असेच आगमन झाले. सर महंमद युसुफ यांनी मुसलमान विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लक्ष रुपयांची देणगी दिली आणि १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झाले. ते अंजुमनचे नव्हे, सरकारी. पण १८८२च्या साक्षीत जे मागणे मांडले गेले त्याच्याच वाटेवरचा तो एक टप्पा होता, आणि तेथे सर्व जातिधर्मांची उपनगरी मुले शिकून बाहेर पडली. स्वतः अंजुमनची मुलींची शाळा वांद्र्यात आहे, वर्सोव्यास यारी रोडवर युनानी वैद्यकाचे महाविद्यालय व रुग्णालय आहे.

संस्थेच्या चालकांपुढे एक विनंती ठेवतो. अखबारांच्या वह्यांवर सलीमा तय्यबजी यांचा इंग्रजी ग्रंथ झाला आहे, परंतु मराठी वाचकाला त्या अद्याप बंदच आहेत. किहीमच्या वह्यांत आपल्याच कोकणच्या किनाऱ्यावरील जीवन एका उर्दूभाषक कुटुंबाच्या दृष्टीने टिपलेले आहे. त्यांचे मराठी भाषांतर अंजुमनने आपल्या खर्चाने करवून घ्यावे. आणि या कामी उर्दू व मराठी दोन्ही उत्तम जाणणारे शिक्षक रायगड-रत्नागिरीच्या कोकणी मुसलमान समाजातच मिळतील, तेव्हा शोध तेथूनच सुरू करावा.